चक बदलण्याआधी काय तपासावं: गनमेटल बुशच्या रनआउटचं एक प्रकरण

जॉब साधाच होता. गनमेटलचा फ्लँजवाला बुश: बाहेरचा व्यास ६० मिमी, बोअर म्हणजे आतलं भोक ४८, फ्लँज ८० व्यासाची आणि १२ मिमी जाडीची, एकूण लांबी ५०. ड्रॉइंगवर एकच अट कडक होती. बोअर धरून बुश फिरवला, तर बाहेरच्या व्यासावर डायल गेजची सुई एका फेऱ्यात ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. या हलण्यालाच रनआउट म्हणतात. बॅच परत आली, कारण बऱ्याच बुशमध्ये हा आकडा ०.१० च्या पुढे गेला होता. काही बुश मात्र ०.०३ मध्ये बसत होते. लेथ मशीन तेच, टर्नर तोच, टूल तेच.

मालकांचा निर्णय जवळजवळ झालेला होता: २०० मिमीचा थ्री जॉ चक, म्हणजे तीन जबड्यांनी जॉब धरणारी पकड, म्हातारा झालाय, चांगल्या प्रतीचा नवा आणायचा. मला विचारलं ते फक्त कोणता आणायचा एवढंच. टर्नरकाकांचं मतही तेच. ते म्हणाले, "साहेब, चकच आउट आहे, आम्ही किती सांभाळणार?"

चक आउट होता हे खरंच. पण ज्या चकातून काही बुश ०.०३ चे आणि काही ०.१२ चे निघतात, त्याची चूक ठरावीक नाही. ठरावीक चूक असती तर प्रत्येक बुशमध्ये सारखीच दिसली असती. आकडा असा खालीवर होतो तेव्हा काहीतरी सैल असतं, काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर धरण्याच्या पद्धतीतच गडबड असते. म्हणून खरेदी बाजूला ठेवून आधी मोजायला बसलो.

चक उतरवण्याआधी

साफसफाई आधी करायची नाही, यावर मी अडून बसतो. एकदा पुसून टाकलेला पुरावा परत मिळत नाही. चक होता तसाच ठेवून त्यात ५० मिमीची ग्राइंड केलेली टेस्ट बार धरली. जॉच्या तोंडाशी डायल लावली, सुई ०.०९ हलली. तिथून १०० मिमी पुढे ०.२१. बार सोडली, पुन्हा धरली: जॉजवळ ०.०६. पुन्हा सोडून धरली: ०.११.

या चार आकड्यांत तीन वेगळ्या तक्रारी आहेत. बारचं केंद्र स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, केंद्रावर नाही, ही पहिली. पुढे जावं तसा आकडा वाढतो, म्हणजे बार तिरकी धरली जाते, ही दुसरी. आणि प्रत्येक वेळी आकडा बदलतो, ही तिसरी. "चक आउट आहे" म्हटलं की या तिन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या जातात आणि मग उपाय भलत्याच जागी होतो.

बारच वाकडी आहे का, हा प्रश्न झटपट मिटतो. बारचा उंच भाग खडूने खुणावला, बार सैल करून चकातच १२० अंश फिरवली आणि पुन्हा धरली. उंची बारच्या खुणेबरोबर फिरली असती तर दोष बारचा. ती दोन नंबरच्या जॉपाशीच राहिली, म्हणजे बार निर्दोष.

मग डायल चकच्या तोंडावर, अगदी कडेला लावली. तिथे ०.०४ चा फरक. हा आकडा फार बोलका होता. २०० मिमी रुंदीवर ०.०४ म्हणजे चक जेवढा कललेला आहे, त्या हिशोबाने १०० मिमी पुढे अक्ष ०.०२ ने सरकतो आणि डायलवर तो दुप्पट, ०.०४ दिसतो. जॉजवळ ०.०९ आणि १०० मिमीवर ०.२१, म्हणजे वाढ ०.१२. त्यातला तिसरा हिस्सा निव्वळ चक स्पिंडलवर सरळ न बसल्यामुळे होता. जॉचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

स्पिंडलचं नाक

स्पिंडल डी१-६ कॅमलॉकचा होता, म्हणजे चकच्या मागचे सहा पिन स्पिंडलच्या नाकातल्या भोकांत जातात आणि सहा कॅम त्यांना आत ओढून धरतात. या पद्धतीत चक दोन जागी टेकतो: आखूड टेपरवर आणि सपाट फेसवर. दोन्ही एकाच वेळी टेकले तरच तो सरळ बसतो. कॅम आवळल्यावर प्रत्येक कॅमवरची खूण स्पिंडलवरच्या दोन व्ही खुणांच्या मध्ये थांबायला हवी. पाच कॅम बरोबर थांबत होते. सहावा व्हीच्या पुढे निघून जात होता आणि चावीला शेवटचा ताण लागतच नव्हता. म्हणजे तो पिन चकच्या बाहेर जरा जास्त निघालेला होता, कॅम त्याला ओढतच नव्हता. पिनचा लॉक स्क्रू काढून पिन पूर्ण एक फेरा आत घेतला, स्क्रू परत लावला. काम एवढंच, पण कधीपासून हा चक पाच पिनांवर चालत होता कोणास ठाऊक.

चक उतरवल्यावर फेसवर, एका पिनच्या भोकाच्या काठाशी, बारीक बर, म्हणजे धातूची धारदार कड, उठलेली दिसली. तिच्या शेजारी गनमेटलचा एक कण चपटा होऊन नाण्यासारखा चकचकीत झाला होता. कण नखाने निघाला. बर सपाट ऑइलस्टोनने उतरवली. इथे हात आवरावा लागतो: फक्त उठलेली बर घालवायची, फेस घासायचा नाही. नंतर फेसवर निळ्या रंगाचा पातळ हात देऊन चक एकदा बसवून काढला. रंग सगळीकडे लागलेला दिसला. टेपरवर डायल फिरवली तेव्हा स्पिंडल स्वतः ५ मायक्रॉनच्या (०.००५ मिमी) आत होता, त्याची काळजी मिटली.

चक परत चढवल्यावर तोंडावरचा फरक ०.०१ वर आला. टेस्ट बारचे आकडे: जवळ ०.०७, १०० मिमीवर ०.१५.

मालकांना इथे थांबवून एक गोष्ट दाखवली. नवा चक आणला असता तर तो याच फेसवर, याच बरीवर आणि याच कणावर बसला असता. वरचा ०.०४ चा कल जसाच्या तसा नव्या चकच्या नावावर जमा झाला असता.

पोटातला कीस

आकडा दर वेळी का बदलतो, हे चक उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. जॉ बाहेर काढले, जॉवरचे आणि खाचांवरचे १, २, ३ हे नंबर जुळतात का पाहिलं. जॉवर चकचा अनुक्रमांक असतो, तोही ताडून पाहिला. दुसऱ्या चकचे जॉ घुसडलेले असतील तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मागची झाकणी खुणावून काढली, पिनियनचे (चावीने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकांचे) स्क्रू सोडले आणि स्क्रोल, म्हणजे तिन्ही जॉ एकदम सरकवणारी चकती, बाहेर घेतला.

स्क्रोलच्या सर्पिल खाचेत काळपट, घट्ट लगदा भरलेला होता: बेअरिंगचं ग्रीस, कास्ट आयर्नची धूळ आणि गनमेटलचा कीस. हेल्परने चांगल्या मनाने ग्रीस भरभरून लावलं होतं. पण चकमध्ये जास्त ग्रीस म्हणजे किसाला आमंत्रण. त्यातही कास्ट आयर्नची धूळ सर्वांत वाईट, कारण ग्रीसमध्ये मिसळली की ती लॅपिंग पेस्टचं काम करते आणि स्क्रोलचे दात हळूहळू खाते. एका ठिकाणी खाचेच्या तळाशी एक चिप दाबून बसलेली होती. ज्या व्यासावर जॉचा दात त्या चिपवर चढायचा, त्या व्यासावर तो एकटा जॉ वेगळा बसायचा. कधी चढायचा, कधी चिप थोडी सरकायची. बदलत्या आकड्यांमागे ही चिप होती.

सगळे भाग रॉकेलमध्ये ब्रशने धुतले. एअर गन लावायची नाही, हे मुद्दाम सांगतो: हवेच्या जोराने बारीक कीस पिनियनच्या आणि स्क्रोलच्या फटीत आणखी खोल जातो. कॉटन वेस्टनेही पुसायचं नाही, तिचे धागे दातांत राहतात. एका पिनियनच्या दाताला बर होती, ती बारीक कानशीने उतरवली. जोडताना स्क्रोलवर मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ थर, बोटाने लावून बोटानेच पुसून घेतलेला. जॉच्या खाचांना फक्त तेलाचा हात.

जॉ घालायची रीत बहुतेकांना माहीत असते, तरी चूक इथेच होते. स्क्रोलच्या आट्याचं तोंड एक नंबरच्या खाचेत दिसेपर्यंत चावी फिरवायची, तोंड किंचित मागे घ्यायचं, एक नंबरचा जॉ दाबून धरायचा आणि फिरवून पकडू द्यायचा. मग दोन, मग तीन. तिन्ही जॉ मध्यावर एकदम भेटले तर क्रम बरोबर.

आणखी एक गोष्ट चावीची. चकला तीन पिनियन असतात आणि स्क्रोल त्याच्या बैठकीवर अगदी किंचित खेळतो. प्रत्येक पिनियन त्याला वेगळ्या बाजूला ढकलतं. त्यामुळे शेवटचा ताण नेहमी एकाच पिनियनवरून द्यावा. काही चकांवर त्या भोकापाशी शून्य किंवा बाण असतो. या चकावर खूण नव्हती, म्हणून तिन्हीवरून ताण देऊन डायल पाहिली, सर्वांत कमी आकडा देणारं भोक निवडलं आणि त्यावर पंचने ठिपका मारला. आता बार कितीही वेळा सोडून धरली तरी जॉजवळ ०.०५ ते ०.०६. आकडा अजून मोठा होता, पण स्थिर झाला होता. स्थिर चुकीवर काम करता येतं.

तोंड पसरलेले जॉ

१०० मिमीवर मात्र अजून ०.१२. बार आणि प्रत्येक जॉ यांच्यामध्ये पातळ कागदाच्या दोन पट्ट्या ठेवल्या, एक जॉच्या तोंडाशी, एक मागच्या टोकाशी, आणि चक आवळला. मागच्या तिन्ही पट्ट्या हलेनात. पुढच्या तिन्ही सहज ओढून निघाल्या. जॉ तोंडाशी झिजून बाहेर पसरले होते आणि बार फक्त मागच्या बाजूने धरली जात होती.

असं होतं ते वर्षानुवर्षं आखूड जॉब जॉच्या टोकावर धरल्याने, आणि चावीला पाइप घालून आवळल्याने. चावीची लांबी चक बनवणाऱ्याने हिशोबाने ठेवलेली असते. पाइप लावला की जॉ खाचेत तिरपा होतो, पुढची बाजू उघडते, आणि काम धरलं जात नाही म्हणून टर्नर आणखी जोर लावतो. पाइप त्याच दिवशी बाजूला काढला.

जॉ चकमध्येच ठेवून टूलपोस्ट ग्राइंडरने, म्हणजे टूलच्या जागी बसणाऱ्या ग्राइंडरने, ग्राइंड केले. यातली मेख ही की ग्राइंड करताना जॉवर ताण हवा, आणि तो काम धरताना जसा येतो त्याच दिशेने हवा. मोकळे जॉ ग्राइंड केले तर ताण आल्यावर ते पुन्हा पसरतात. जॉच्या बाहेरून रिंग घालून ते बाहेरच्या बाजूला ताणले तर स्क्रोलच्या दाताची उलटी बाजू टेकते, तेही चुकीचं. आम्ही जाड पत्र्याची एक चकती कापून घेतली, जी तिन्ही जॉच्या बाजूच्या कडांमध्ये, तोंडाजवळ अडकते आणि जॉच्या आतल्या धरायच्या बाजू मोकळ्या सोडते. तिच्यावर चक आवळला आणि हलके कट घेतले. बेड झाकलेला होता, तरी नंतर चक पुन्हा पूर्ण उघडून धुतला. ग्राइंडिंगची धूळ आत राहिली तर आधीचा कीस बरा म्हणायची वेळ येते.

निकाल: ५० मिमीच्या बारवर जॉजवळ ०.०२, १०० मिमीवर ०.०३. सगळे खूश झाले. मी ६० मिमीची बार मागितली: ०.०४. मग १०० मिमीची: ०.०६. जॉ ज्या जागी ग्राइंड झाले, त्या जागेपुरते ते खरे झाले. स्क्रोल फिरून दुसरा भाग दातांखाली आला की त्या भागाची झीज आणि त्याची स्वतःची चूक पुढे येते. स्क्रोल चकचा हा स्वभावच आहे. नव्या चकमध्येही तो असतो, प्रमाण कमी असतं इतकंच.

बुश अजूनही बसत नव्हते

६० मिमीवर ०.०४ मिळत असताना ०.०५ ची अट पाळायची, म्हणजे जेमतेम ०.०१ हाताशी. पहिल्या काही बुशमध्ये ते साधलं, काहींत नाही. तेव्हा मी काम करण्याची पद्धत पाहायला उभा राहिलो.

पद्धत अशी: पहिल्या सेटिंगमध्ये ओतीव फ्लँज जॉच्या टोकात धरायची, दुसऱ्या बाजूने कोअरच्या (ओततानाच ठेवलेल्या) भोकात फिरता पाइप सेंटर लावायचा आणि बाहेरचा ६० व्यास काढायचा. सेंटर भोकात असल्याने बोअर तेव्हा करता येत नाही. मग जॉब उलटायचा, ६० वर धरायचा आणि बोअर काढायचा. म्हणजे ज्या दोन व्यासांचं एकमेकांशी नातं ड्रॉइंगने मागितलं आहे, तेच दोन वेगवेगळ्या पकडीत काढले जात होते. चकची सगळी चूक थेट त्या नात्यात उतरत होती.

दुसरी गोष्ट जास्त लपलेली होती. ६० बाहेर आणि ४८ आत म्हणजे भिंत ६ मिमीची. तीन जॉ तिला तीन जागी दाबतात, त्या अवस्थेत बोअर गोल निघतो, आणि सोडल्यावर भिंत मागे सरकून बोअर तीन फुगोट्यांचा होतो. टर्नरकाकांनी बोअर दोन टोकांच्या मापाने सगळीकडून मोजला होता आणि सगळीकडे तोच आकडा आला होता. त्यांचं मोजमाप बरोबर होतं. तीन फुगोट्यांच्या आकारात एका फुगोट्यासमोर नेमका दबलेला भाग येतो, त्यामुळे व्यास बहुतेक सारखाच भरतो. दाखवण्यासाठी बोअरमध्ये डायल लावली, जॉ सैल केले आणि बुश हलकाच पुन्हा धरून स्पिंडल हाताने फिरवला. केंद्र हलल्याने सुई फेऱ्यात एकदा पुढे-मागे जाते. इथे ती त्यावर आणखी तीन वेळा थरथरत गेली, प्रत्येक जॉसमोर एकदा. काका बराच वेळ ती सुई बघत राहिले.

हा दोष कुठलाही महाग थ्री जॉ चक घालवू शकत नाही.

पद्धत बदलली. आता पहिल्या सेटिंगमध्ये बुशचं ओतीव अंग धरून फक्त फ्लँजचा व्यास आणि तोंड काढायचं. यात नाजूक काही नाही. दुसऱ्या सेटिंगमध्ये फ्लँज सॉफ्ट जॉमध्ये, म्हणजे हव्या मापाला कापता येणाऱ्या मऊ जॉमध्ये, धरायची, तिचं तोंड जॉच्या पायरीवर टेकवायचं, आणि ६० व्यास व ४८ बोअर एकाच पकडीत पूर्ण करायचे. दोन्ही एकाच अक्षावर निघतात, मग चक ०.०४ आउट असो की ०.०८. दाबही जाड फ्लँजवर येतो, ६ मिमीच्या भिंतीवर येत नाही.

मग नवा चक कशाला आणि कोणता

सॉफ्ट जॉसाठीच. जुन्या चकचे जॉ एकसंध आणि कडक होते, त्यांच्यावर मऊ तुकडा बसवायची सोय नव्हती. म्हणून २०० मिमीचाच, फोर्ज्ड स्टील बॉडीचा, दोन भागांच्या जॉचा चक सुचवला: खालचा मास्टर जॉ स्क्रोलमध्ये, वरचा तुकडा बोल्टने बदलता येणारा. स्टील बॉडी यासाठी की गनमेटल जरा वेगात चालवायचं होतं. कास्ट आयर्न बॉडीवर कोरलेली वेगमर्यादा कमी असते आणि ती ओलांडायची नसते. वेग दुप्पट झाला की जॉना बाहेर खेचणारा जोर चौपट होतो, आणि बाहेरून धरलेल्या कामाची पकड तेवढी कमी होते. आतून ताणून धरलेल्या कामात हाच जोर पकड वाढवतो, ती गोष्ट वेगळी.

मालकांच्या मनात स्क्रूने केंद्र साधता येणारा, ॲडजस्टेबल चक होता. चांगली वस्तू आहे. एकाच व्यासाचे, जाड, पुन्हा पुन्हा धरायचे जॉब असतील तर मीही तोच घ्या म्हटलं असतं. पण तो सरकवतो फक्त केंद्र. तिरकेपणा आणि भिंतीचं दबणं त्याच्या हातात नाही. कॉलेट चक गोल, साफ बारसाठी उत्तम, ओतीव कामाला निरुपयोगी. २५० मिमीचा चक या मशीनला जड झाला असता.

फोर जॉ, म्हणजे चारही जॉ वेगवेगळे सरकणारा चक, मात्र घ्यायला लावलाच. दुरुस्तीचे वेडेवाकडे जॉब थ्री जॉमध्ये पत्र्याच्या पट्ट्या घालून धरले जात होते, आणि जॉ पसरण्यात त्याचाही वाटा होता. फोर जॉमध्ये समोरासमोरच्या दोन जॉवर डायल पाहायची, जो फरक दिसेल त्याच्या निम्मं सरकवायचं. सवयीच्या हाताला ०.०१ पर्यंत आणायला फार वेळ लागत नाही.

नव्या चकची बॅकप्लेट (चक आणि स्पिंडल जोडणारी प्लेट) याच स्पिंडलवर चढवून तिचा फेस आणि रजिस्टर (चक बसायची पायरी) इथेच काढले. दुसऱ्या मशीनवर काढून आणलेली प्लेट त्या मशीनच्या स्पिंडलशी जुळलेली असते. सॉफ्ट जॉही जागेवरच बोअर केले, मागे एक चकती धरून ताण देऊन, बरोबर ८० च्या व्यासाला. व्यास मोठा झाला तर जॉ फक्त मधल्या रेषेवर टेकतो, लहान झाला तर दोन कडांवर. पायरीच्या कोपऱ्यात एक बारीक खाच घेतली, म्हणजे फ्लँजची बर किंवा एखादी चिप तिथे मावते आणि तोंड पूर्ण टेकतं.

पुढची बॅच ०.०१ ते ०.०२ मध्ये निघाली.

देखभालीत आता जे चालतं ते थोडक्यात. शिफ्ट संपताना जॉ आणि खाचा ब्रशने झाडायच्या. आठवड्याला जॉ काढून खाचा पुसायच्या. कास्ट आयर्नची बॅच झाली की पुढच्या कामाआधी चक उघडायचा, मग वेळापत्रक काहीही म्हणो. चक उतरवला की परत चढवण्याआधी टेपर आणि फेस उघड्या तळहाताने पुसायचे. तळहाताला जो कण लागतो तो फडक्याला कळत नाही. चावी चकात ठेवून हात काढायचा नाही. मशीन चुकून सुरू झालं तर ती कोणाच्या तोंडावर येईल याचा नेम नसतो, म्हणून सुटून येणारी स्प्रिंगची चावी घेतली. आणि दर महिन्याला ५० आणि १०० मिमीच्या बारवर जॉजवळचा व पुढचा असे चार आकडे हेडस्टॉकवरच्या कार्डावर लिहायचे. पुढचा आकडा वाढू लागला तर आधी फेस, मग जॉ पाहायचे. एकच बार धरून-सोडून आकडे जुळेनासे झाले तर स्क्रोल.

जुना चक काढून टाकला नाही. ओतीव अंग धरून फ्लँज काढण्याचं पहिलं सेटिंग दुसऱ्या मशीनवर त्याच्यातच होतं, आणि त्या कामाला तो पुरेसा खरा आहे.